बायांच्या घाटावरचा पहारा

अंगात आलेली बाई आणि बुडणारी बाई लांबून अगदी सारख्या दिसतात. दोघींचे केस सुटलेले, दोघींचे हात वर, दोघींचे डोळे आभाळाकडे. दोघींना बघायला गर्दी जमते आणि गर्दी दोघींनाही हात जोडते. फरक एवढाच की पहिली संध्याकाळी घरी जाऊन जेवते. हा फरक ओळखायचं काम मी कार्तिकातल्या कौंडण्यपूरच्या जत्रेत, वर्धा नदीच्या काठावर, पुष्कळ वर्षं केलं. बिनपगारी केलं. वर सासूच्या शिव्या खाऊन केलं.

पोटापाण्यासाठी मी अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत कवायतीची बाई होते. या अंकाच्या संपादकांनी खरं तर शाळेवर लिहायला सांगितलं होतं. पण शाळेत माझ्या हातून कोणी बुडालं नाही आणि कोणी तरलंही नाही, फार तर नापास झालं. त्यात सांगण्यासारखं काय?

मागच्या वर्षी नातवानं मला समुद्र दाखवला. तिथं शेतातल्या मचाणासारख्या उंच खुर्चीवर दोन पोरं शिट्ट्या घेऊन बसली होती आणि डोळ्यांची पापणी न लववता पाण्याकडे पाहत होती. पाण्यात बायाही होत्या. मी त्यांच्यापाशी जाऊन विचारलं, "बाबांनो, असं टक लावून पाहता, तर कोणी मारत नाही तुम्हाला?" पोरं हसली. त्यांना वाटलं म्हातारी गंमत करते आहे. पण आमच्या काळी पाण्याकडे पाहणं हाच गुन्हा होता.

म्हणजे असं, की पन्नास-साठच्या दशकात जत्रेच्या बंदोबस्ताला अमरावतीच्या एका आखाड्याचं पथक जायचं. दादाजी वस्ताद त्याचे पुढारी. पिळदार मिशा, पिळदार दंड, आणि बाईमाणूस समोर आलं की नजर जमिनीत. त्यांच्या पथकात आमचे हे होते. पुरुषांच्या घाटावर पथकाची माणसं नदीकडे तोंड करून उभी राहायची. बायांच्या घाटावर मात्र नदीकडे पाठ करून. बाया आंघोळ करतात, तिकडे बघणार कसं? मर्यादा आहे की नाही? कोणी बुडालं तर ओरडेल, ओरडली की डोळे मिटून उडी मारू, असा त्यांचा हिशेब होता.

आता हा धंदा माहीत नसलेल्यांना एक गोष्ट सांगते. बुडणारं माणूस ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो, आणि त्याला श्वासाचीच तर अडचण असते. ज्याला "वाचवा" म्हणता येतं त्याच्या हातात अजून थोडा वेळ आहे. जो गप्प आहे, मान मागे टाकून हातांनी न दिसणारी शिडी चढतो आहे, तो चालला. तेव्हा बायांच्या घाटावर पाठमोरे उभे असलेले आमचे पहिलवान बुडणाऱ्या बाईच्या हाकेची वाट पाहत होते, आणि ती हाक कधी येणारच नव्हती. सगळ्या जत्रेत याहून मर्यादशील आणि याहून निरुपयोगी पहारा दुसरा नसेल.

मला हे कसं ठाऊक? तर माझं माहेर अकोल्याचं. बाबा भाजी आणि झेंडू लावायचे आणि जठारपेठेत नेऊन विकायचे. मळ्यात विहीर होती. भावांच्या कमरेला सुके भोपळे बांधून बाबांनी त्यांना विहिरीत ढकललं, तसंच मलाही ढकललं. आई वरून ओरडत होती की पोरीच्या जातीला कशाला. बाबा म्हणाले, "इहीर पोट्टा-पोट्टी पाहत नाई." एवढं एक वाक्य बोलून ते वांग्यांना पाणी द्यायला निघून गेले. मी नाकातोंडात पाणी घेऊन शिकले. भोपळा सुटला तेव्हा मी काठाला होते.

लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा ही विद्या ट्रंकेत घडी घालून ठेवावी लागली. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, सून पोहते हे कळलं असतं तर त्यांनी मला ट्रंकेसकट अकोल्याच्या गाडीत बसवलं असतं. आत्याबाईंचा आमच्या गल्लीत दरारा होता, कारण त्यांच्या अंगात यायचं. दरवर्षी कार्तिकात, कौंडण्यपूरला, कंबरभर पाण्यात. बाया ओटी भरायच्या, प्रश्न विचारायच्या. देवी कोणाला लेक द्यायची, कोणाला म्हशीचं दूध वाढवून द्यायची, आणि मग हमखास माझ्याकडे वळायची. "हे सून चुलीपाशी बसते अन् ध्यान माहेरी ठेवते! वरणात मीठ नाई, भाकरीले पापुद्रा नाई!" सगळी जत्रा माझ्याकडे बघायची. मी हात जोडून उभी असायची आणि मनात म्हणायची, की अख्ख्या ब्रह्मांडाचा कारभार पाहणाऱ्या देवीला आमच्या वरणातलं मीठ मोजायला सवड होते तरी कशी!

माझं बिंग फुटलं ते लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या जत्रेत. घाटाच्या पायऱ्या संपतात तिथं खाली डोह आहे. वरून पाणी निवळशंख, पण शेवटच्या पायरीवर शेवाळ, आणि एक पाऊल पुढं टाकलं की तळ गायब. एक तरणी बाई पुढं गेली आणि तिचे हात वर आले. काठावरच्या बायांनी लगेच "आली, आली" म्हणून हळदीकुंकू उधळायला सुरुवात केली. पाठमोरे पहिलवान ते ऐकून आणखी ताठ झाले. देवी आल्यावर तर अजिबातच वळायचं नाही. मी पाहिलं, तिचं तोंड पाण्याच्या वर-खाली होत होतं आणि आवाज नव्हता. मी कासोटा खोचला आणि गेले. मागून जाऊन केस धरले आणि ओढत आणली. पायरीवर तिनं भडाभडा पाणी ओकलं तेव्हा कोणाची तरी ओटी भरायला आणलेली खारीक तिच्या अंगावर पडलेली होती.

दादाजी वस्ताद नजर जमिनीत ठेवून जवळ आले. "बाई, तुमी पोवता?" मी म्हटलं, "मी पोहते, पण तुमचे गडी कुणाकडे पाठ करून उभे आहेत?" आमचे हे त्याच गड्यांत होते. घरी आल्यावर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, केस धरून ओढताना मान कशी सांभाळायची म्हणून.

वस्तादांच्या डोक्यात मात्र किडा शिरला. त्यांनी घरी निरोप धाडला, की बायांच्या घाटावर बायांचंच पथक का नसावं? आत्याबाई तयार असतील तर सूनबाईंनी उभं करावं. मला वाटलं, झालं, आता रामायण. पण आत्याबाई पक्क्या होत्या. ती वाचलेली बाई कोणाची सून, असं कोणी विचारत नव्हतं. वाचवणारी कोणाची सून, असं सगळी जत्रा विचारत होती. त्यांनी होकार दिला आणि एक अट घातली. "माह्या अंगात आलं तं मधात याचं नाई. देवीच्या अंगाले हात लागला तं तुह्यं पथकही नाई अन् तूही नाई." वस्तादांनी ती अट उचलून धरली आणि सगळ्यांनाच लावली. अंगात आलेल्या बाईला हात लावायचा नाही. तक्रार आली की पथक बंद.

पहिली माझ्याकडे आली ती यशोदा, सरकारी दवाखान्यात नर्स होती. नुकतीच तिच्या घरच्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. मी भीत भीत म्हटलं, जत्रा देवाची आहे, तुला चालेल का? ती म्हणाली, "मले देवाशी काई घेणं नाई. मी पाण्यासाठी येऊन राहिली." मग आमच्या शाळेतल्या दोन शिक्षिका आल्या, आणि फुलं विकणारी एक आडदांड मावशी आली, तिला पोहता येत नव्हतं पण तिचा आवाज पुलापर्यंत जायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाबाहेरच्या एका विहिरीवर मी सगळ्यांच्या कमरेला भोपळे बांधले आणि बाबांचं वाक्य म्हणून एकेकीला ढकललं.

आमचा गणवेश नऊवारी. कासोटा घट्ट, पदर कमरेला गुंडाळलेला. सहावारी नेसून पाण्यात उतरणं म्हणजे स्वतःचंच पार्सल बांधून नदीला पाठवणं. सरंजाम म्हणजे सुके भोपळे, ट्रकची फुगवलेली ट्यूब आणि काथ्याचा जाड दोर. आणि शिकवण अशी, की आधी तोंड वापरा, मग दोर फेका, आणि काहीच जमलं नाही तर स्वतः जा. गेलात तर समोरून कधी जाऊ नका. बुडणारं माणूस सख्ख्या आईच्याही खांद्यावर चढून श्वास घेतं. त्यानं गळ्याला मिठी मारलीच तर घाबरून वर येऊ नका, उलट खाली बुडी मारा. त्याला वर जायचं असतं, ते आपोआप सोडतं. लोकांना सांगायला मात्र आमच्याकडे एकच गोष्ट होती: कंबरेपर्यंत नदी आपली, कंबरेच्या वर ती कोणाचीच नाही. "नदी माय आहे" असं कोणी म्हणालं की फुलवाली मावशी वरून ओरडायची, "माय आहे म्हणूनच थापड मारते, मांगं हो!"

गिऱ्हाइकं एकाहून एक मिळाली. एका सोवळ्या आजीबाईंना यशोदेनं डोहातून ओढून काढलं. खोकून मोकळ्या झाल्यावर आजींनी पहिला प्रश्न काय विचारावा, तर "तू कोणाची वं?" पाण्यात जात कोणी विचारत नाही, काठावर आलं की आठवते. यशोदेनं सरळ सांगितलं. आजी म्हणाल्या, मंग मले पुन्हा बुडी माराव लागते. यशोदा दोर गुंडाळत म्हणाली, "मारा की. पण या खेपेले मी काढणार नाई." आजींनी डोहाकडे पाहिलं, यशोदेकडे पाहिलं, चार थेंब डोक्यावर शिंपडले आणि तेवढ्यावर शुद्ध झाल्या.

पुरुषांच्या घाटावरही कमी नव्हती. एक बुवा पद्मासन घालून पाण्यावर तरंगायचे. शिष्य टाळ्या पिटायचे. एका वर्षी प्रवाहानं त्यांना तसंच पद्मासनात उचललं आणि खाली न्यायला सुरुवात केली. आसन मोडावं तर अब्रू जाते, न मोडावं तर बुवा जातात. बुवांनी अब्रू धरून ठेवली. आमच्या ह्यांनी शेवटी पुढच्या वळणावर त्यांना दोराचा फास टाकून, बैल ओढावा तसं ओढलं. काठावर येताच बुवा म्हणाले, "आम्ही तुमच्या पथकाची परीक्षा पाहत होतो." पुढच्या वर्षी त्यांनी परीक्षा घेतली नाही.

एक वर्ष मी नव्हते. धाकट्याच्या बाळंतपणाला अकोल्याला गेले होते. त्या वर्षी एका मुलीच्या अंगात आलं, आणि पाण्यात सरकत सरकत ती डोहात गेली. आमच्या बाया पायरीवर होत्या, पोहता येत होतं, दोर हातात होता. पण हात लावायचा नाही ही अट. देवी की बुडणं, हे ठरेपर्यंत वेळ गेला. यशोदा अटबिट झुगारून गेली तोवर उशीर झाला होता. काठावर त्या मुलीची ओटी भरायला आणलेले खण-नारळ तसेच पडून होते, असं यशोदेनं मला सांगितलं आणि ती रडली. तिला मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. ही गोष्ट मला आजही गिळवत नाही. देवावर माझा राग नाही, पण काठावर हात जोडून उभ्या राहणाऱ्यांवर आहे.

मी वस्तादांकडे जाऊन भांडले. ते म्हणाले, अट तर मोडता येत नाही, तुमच्याच सासूबाई रान उठवतील. शेवटी तोड निघाली. अंगात आलेली बाई कंबरेच्या वर पाण्यात गेली की काठावरून हाक मारायची, काहीतरी विचारायचं. देवी बोलते. बुडणारी बोलू शकत नाही. उत्तर आलं तर हात जोडा, नाही आलं तर उडी मारा. मात्र उडी मारून देवीच निघाली, तर पथक त्याच दिवशी बंद. आत्याबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "देवीची परीक्षा घेता काय वं? माह्यावर करून तं पाह्य."

आणि तशीच वेळ आली.

दुपार होती. गर्दी मावत नव्हती. आत्याबाई पाण्यात उतरल्या, केस सुटले, घुमू लागल्या. बाया पुढं झाल्या. देवीनं दोघी-चौघींची कामं केली. मी पायरीवर उभी राहून माझा नंबर यायची वाट पाहत होते. सकाळीच घरून बांधून आणलेलं जेवण झालं होतं, म्हणजे विषय काय असणार हे मला माहीत होतं. घुमता घुमता आत्याबाई मागे सरकल्या. त्यांची टाच शेवाळावर गेली, आणि त्या एकदम गळ्यापर्यंत खाली गेल्या. हात वर आले. काठावर मोठा गजर झाला. आज देवी जोरात आहे, असं कोणीतरी म्हणालं.

वस्ताद वरच्या पायरीवर होते. यशोदेनं माझ्याकडे पाहिलं. मी हात लावला आणि ती देवी निघाली, तर पथक संपलं, माझा संसारही बहुधा संपला. हात नाही लावला आणि ती बुडत असली, तर ती माझी सासू होती. मला त्या वेळी तिचा राग आठवला नाही. तिनं माझ्या पहिल्या बाळंतपणात चाळीस दिवस मला थंड पाण्यात हात घालू दिला नव्हता, ते आठवलं.

मी हाक मारली. देवीला विचारतात तसं लेकाबाळांचं काही विचारलं नाही. पोटातून आलं ते विचारलं. "आत्याबाई, आजच्या वरणात मीठ कमी होतं काय?"

उत्तर आलं नाही.

इतक्या वर्षांत त्या बाईनं अशी संधी कधी सोडली नव्हती. ताप असताना सोडली नव्हती, दिराच्या लग्नात सोडली नव्हती. मी उडी मारली.

मागून गेले, पण त्या फिरल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझा गळा धरला. म्हातारीच्या अंगात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. मी खाली बुडी मारली. शिकवताना सोपं वाटतं, पण आपल्याच सासूला घेऊन खाली जाणं म्हणजे लोकांच्या डोळ्यांसमोर तिला बुडवणंच. मिठी सुटली. मी मागून केस पकडले, यशोदेनं ट्यूब फेकली, आणि आम्ही पायरीला लागलो. काठावर कल्लोळ चालला होता. सुनेनं देवीच्या झिंज्या धरल्या, सुनेनं देवीला पाण्यात दाबलं. कोणीतरी माझ्यावर नारळही भिरकावला.

आत्याबाई हलत नव्हत्या. यशोदेनं त्यांना पालथं घातलं आणि पाठीवर दाब देऊ लागली. तेव्हा तीच पद्धत होती, आताची पोरं तोंडानं श्वास देतात. तोंडातून पाणी गेलं. आणखी गेलं. तरी काही नाही. मी त्यांचा हात धरून बसले होते आणि मला फक्त एवढंच हवं होतं, की त्यांनी मला शिवी द्यावी.

त्या खोकल्या. डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, आणि चिरक्या आवाजात म्हणाल्या, "कमी नाई वं. टाकलंच नव्हतं."

मी जी रडायला लागले ती थांबलेच नाही. यशोदा मात्र खो खो हसत सुटली.

पण प्रश्न अजून बाकी होता. गर्दी सरकून जवळ आली होती. वस्ताद पुढं आले, या खेपेला नजर वर करून, आणि त्यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "बाई, खरं सांगा. देवी होती का तुमी बुडून राहिल्या होत्या?"

देवी होती म्हणावं तर सुनेचं पथक बंद. नव्हती म्हणावं तर गल्लीतला इतक्या वर्षांचा मान गेला. आत्याबाईंनी केसांतलं पाणी पिळलं. पदर डोक्यावर घेतला. सावकाश बसत्या झाल्या.

"देवीच होती," त्या म्हणाल्या. "पण तिले पोवता येत नाई."

त्यानंतर कौंडण्यपूरला कोणाच्याही अंगात पाण्यात आलं नाही. सगळ्यांच्या अंगात वरच्या पायरीवर, कोरड्यात येऊ लागलं. आत्याबाई स्वतः तिथं काठी घेऊन बसायच्या, आणि एखादी घुमत घुमत पाण्याकडे सरकली की तिच्या पोटरीवर काठी मारून तिला मागं घ्यायच्या. घरात मात्र काही बदललं नाही. वरणातल्या मिठाचा विषय निघतच राहिला. यशोदेची बदली परतवाड्याला झाली, तरी ती जत्रेला यायची आणि आधी आत्याबाईंच्या पायरीवर जाऊन बसायची.

पुढं आत्याबाई थकल्या, अंथरुणाला खिळल्या. मी वाटीत वरणभात कालवून चमच्यानं भरवत होते. दोन घास गेले, तिसरा तोंडातच राहिला. डोळे उघडे होते, आढ्याकडे लागलेले. मी वाकून विचारलं, "आत्याबाई, मीठ कमी आहे काय?"

मी थांबले. पुन्हा विचारलं. मग वाटी खाली ठेवली आणि ह्यांना हाक मारली.